ध्वनिमुद्रिकांसाठी डिजिटल फोनो स्टेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातून माझ्याकडे ७८ आरपीएमच्या लाखेच्या बऱ्याच तबकड्या आल्या आहेत, त्यांत मुख्यतः नाट्यसंगीत आणि ख्याल आहे. त्याखेरीज साठ-सत्तरच्या दशकांतील एचएमव्हीच्या एलपी आहेत. टर्नटेबलला तिन्ही वेग आहेत. सध्या ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम-९५-ई हे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज वापरतो, आणि डेनॉनचे डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजही जवळ आहे. दोन्ही कार्ट्रिज, दोन्ही प्रकारच्या तबकड्या, संगणकावर मुद्रण आणि खरखर कमी करणे, हे सारे एकाच डिजिटल फोनो स्टेजवर साधेल का? निवड करताना नेमके काय पाहावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : साधेल; मात्र जाहिरातीतील वैशिष्ट्यांची यादी वाचण्याआधी फोनो स्टेज या टर्नटेबल व अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधल्या यंत्राचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या हालचालीचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागातून, आलेला अतिशय क्षीण विद्युत संकेत मोठा करणे आणि कार्ट्रिजला योग्य तो लोड (त्याच्यापुढचा विद्युत भार) देणे ही दोन कामे संकेताचे आकड्यांत रूपांतर होण्यापूर्वी, म्हणजे अ‍ॅनालॉग भागातच उरकावी लागतात. इक्वलायझेशन (कोरताना बदललेला स्वरांचा तोल पूर्ववत करणे), मोनो, डाव्या-उजव्याचा समतोल, गाळणी, चटचट काढणे ही सारी कामे रूपांतरानंतरही करता येतात. नंतरची कामे पुढेमागे संगणकावर फुकटातही करता येतात आणि नाही आवडली तर पुन्हा करता येतात, परंतु पहिल्या भागात जे बिघडले ते दुसऱ्या भागात सुधारत नाही. बहुगुणी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांचे गुण दुसऱ्या भागातले असतात, आणि किंमत खरी वसूल होते ती पहिल्या भागात.

आधी हे काम काय आहे ते पाहू. एलपी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर चढवलेले असतात. तसे केले नाही तर खर्जाने खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर वीस मिनिटे मावणार नाहीत, आणि वरचे स्वर तबकडीच्या सळसळीत बुडतील. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील आरआयएए या संघटनेने यासाठी जो कर्व्ह ठरवला तोच पुढे सर्वत्र रूढ झाला. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ सुमारे १९ डेसिबल खाली आणि २०,००० हर्ट्झ जवळपास २० डेसिबल वर असे ते प्रमाण आहे. वाजवताना हे सारे उलट करावे लागते, आणि सामान्य फोनो स्टेज ते रोधक व धारित्र यांच्या मंडलाने करते.

‘डिजिटल’ हे विशेषण मात्र बाजारात दोन निराळ्या वस्तूंना लावले जाते. पहिल्या प्रकारात आरआयएएचे काम नेहमीसारखे अ‍ॅनालॉग मंडलात होते आणि शेवटी यूएसबीसाठी संकेताचे आकडे बनवणारा एक रूपांतरक जोडलेला असतो. रेगाचे फोनो मिनी ए-टू-डी हे या प्रकारातले, आणि ते केवळ मूव्हिंग मॅग्नेटसाठी, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठी आहे. दुसऱ्या प्रकारात संकेत सपाट ठेवूनच वाढवला जातो, लगेच त्याचे आकडे होतात आणि इक्वलायझेशन गणिताने केले जाते. अमेरिकेतील पार्क्स ऑडिओ या लहान कंपनीचे पफिन आणि त्यानंतरचे वॅक्सविंग ही या प्रकारातली परिचित नावे आहेत. देविआलेच्या काही अ‍ॅम्प्लिफायरांतही हीच पद्धत आहे. आपल्या संग्रहाला उपयोगी आहे तो दुसरा प्रकार, आणि त्याचे कारण ७८ च्या तबकड्या आहेत, एलपी नव्हेत.

आता गेन, म्हणजे संकेत किती पट मोठा करायचा ते. व्हीएम-९५-ई साधारण ४ मिलिव्होल्ट देते. हा आकडा सेकंदाला ५ सेंटिमीटर या प्रमाण वेगाचा असतो. जोरकस जागी खाचेतील सुईचा वेग त्याच्या पाचपट होऊ शकतो, म्हणजे २० मिलिव्होल्ट. गेन ४० डेसिबल, अर्थात शंभरपट ठेवला तर रूपांतरकाच्या तोंडाशी २ व्होल्ट येतात. पुष्कळ रूपांतरकांची कमाल मर्यादा नेमकी २ व्होल्टच्या आसपास असते, आणि वरून एखादा ओरखडा आला की संकेत छाटला जातो. तोच गेन ३४ डेसिबल, म्हणजे पन्नासपट ठेवला की सर्वोच्च पातळी १ व्होल्टवर राहते आणि निम्मी जागा मोकळी उरते. डीएल-१०३ ची गोष्ट अगदी वेगळी. ते जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देते, त्यामुळे त्याला ६० डेसिबल तरी हवेत, आणि इतक्या गेनला अ‍ॅनालॉग भागाची स्वतःची सळसळ ऐकू येते की नाही हा खरा प्रश्न असतो. म्हणून गेन दोन-तीन ठरावीक पायऱ्यांत न बदलता लहान लहान टप्प्यांनी बदलता येतो का, आणि पातळी दाखवणारा मीटर आहे का, हे पहिले पाहावे. मीटर नसलेल्या डिजिटल फोनो स्टेजकडे मी तरी वळणार नाही.

सपाट संकेताच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. खर्ज २० डेसिबल दबलेला असतानाच आकडे बनतात आणि नंतर गणिताने तो उचलावा लागतो, त्यामुळे खालच्या स्वरांपुरते रूपांतरकाचे २० डेसिबल खर्ची पडतात. १६ बिटमध्ये हे जाणवू शकते. चांगला २४ बिटचा रूपांतरक प्रत्यक्षात ११० डेसिबलच्या पुढचा पल्ला देतो आणि उत्तम एलपीचा पल्लाही ७० डेसिबलच्या पलीकडे क्वचितच जातो, म्हणून तेथे काळजीचे कारण राहत नाही. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ ही क्षमता असावी. १९२ साठी अधिक पैसे मोजण्याची गरज मला दिसत नाही.

लोडकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. मूव्हिंग मॅग्नेटला ४७ किलोओहम सगळीकडे मिळतात, प्रश्न असतो कपॅसिटन्सचा, म्हणजे तारा आणि मंडल यांच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा. व्हीएम-९५ मालिकेच्या वेटोळ्याचे इंडक्टन्स सुमारे ५५० मिलिहेन्री आहे आणि कंपनी १०० ते २०० पिकोफॅराड सुचवते. टोनआर्ममधील तारा, मीटरभर केबल आणि फोनो स्टेजचे स्वतःचे कपॅसिटन्स यांची ही एकूण बेरीज असते. ती २०० असेल तर विद्युत अनुनाद १५ किलोहर्ट्झच्या वर पडतो. ती नकळत ४०० वर गेली की तोच ११ किलोहर्ट्झच्या खाली उतरतो, त्याच्या अलीकडे उठाव येतो आणि पलीकडे स्वर झपाट्याने गळतात. गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ मध्ये तो करकरीतपणा लगेच कानाला लागतो, आणि दोष बिचाऱ्या सुईवर जातो. केबलचेच १०० ते १५० पिकोफॅराड धरले तर फोनो स्टेजचे कपॅसिटन्स ५० ते १०० च्या आत असलेले बरे. माहितीपत्रकात हा आकडा छापलेला नसेल तर उत्पादकाला पत्र लिहून विचारावा. डीएल-१०३ ला कपॅसिटन्सचे सोयरसुतक नाही; त्याला १०० ओहम किंवा त्याहून अधिक लोड मिळाला की पुरे.

७८ च्या तबकड्यांकडे येऊ, कारण डिजिटल पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे आहे. आरआयएए हा कर्व्ह या तबकड्यांचा नाहीच. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी, आणि आपल्याकडे त्यानंतरही थोडा काळ, गायक भोंग्यात तोंड घालून गात असे आणि कोरणीची सुई केवळ आवाजाच्या जोरावर हलत असे; तेथे कोणतेही ठरवलेले इक्वलायझेशन नव्हते. अब्दुल करीम खाँ यांची उदाहरणे मिरजेच्या वाचकाला जवळची वाटतील : १९०५ च्या सुमारास त्यांनी दिलेल्या तबकड्या भोंग्याच्या आहेत आणि १९३० च्या दशकातल्या मायक्रोफोनच्या, म्हणजे एकाच गायकासाठी दोन भिन्न मांडण्या लागतात. विद्युत मुद्रणाच्या काळात एचएमव्ही आणि कोलंबिया यांच्या ब्रिटिश परंपरेत खर्ज २५० हर्ट्झच्या आसपासपासून दाबला जाई आणि वरचे स्वर जवळपास सपाट ठेवले जात. आरआयएएमध्ये खर्जाचे हे वळण ५०० हर्ट्झला आहे आणि वरचे स्वर २१२२ हर्ट्झपासून उतरवले जातात. त्यामुळे अशी तबकडी आरआयएएवर लावली की खालचा भाग फुगतो आणि वरचा भाग घोंगडीखाली जातो. जुन्या तबकड्यांना वरचे स्वर नव्हतेच, ही सार्वत्रिक समजूत बऱ्याच अंशी चुकीच्या इक्वलायझेशनमधून आली आहे.

म्हणून यंत्रात केवळ ‘७८’ असा एक खटका असून भागणार नाही. खर्जाचे वळण आणि वरचा उतार हे दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता यावेत, किंवा निदान सात-आठ कर्व्ह तरी दिलेले असावेत. कोणत्या लेबलला कोणता कर्व्ह, याच्या याद्या उपलब्ध आहेत, पण भारतीय तबकड्यांच्या बाबतीत त्यांच्यावर आंधळेपणाने विसंबू नये. २५० हर्ट्झपासून सुरुवात करावी, वरचा उतार शून्य ठेवावा, आणि हार्मोनियमच्या खालच्या सप्तकाकडे कान देऊन फेरफार करावेत. गळ्यापेक्षा हार्मोनियम या कामी अधिक प्रामाणिक साक्ष देते. स्टिरिओ एलपींना यातले काही लागू नाही. त्या १९५८ पासूनच्या आहेत, आरआयएए लावावा आणि ऐकत बसावे.

मोनोचा खटका हवाच. ७८ ची खाच डावी-उजवीकडे हलते. सुई वर-खाली हलली तर तो केवळ उपद्रव असतो. दोन्ही वाहिन्यांची बेरीज केली की तो उपद्रव आपोआप रद्द होतो, आणि तबकडीच्या सळसळीचा मोठा भाग तेथेच जातो. बेरजेपूर्वी दोन्ही वाहिन्यांची पातळी अचूक जुळवता आली तर परिणाम आणखी चांगला होतो, आणि गणिताने चालणाऱ्या यंत्रात हे सहज जमते. पाथे या कंपनीच्या काही जुन्या तबकड्या याच्या नेमक्या उलट, उभ्या कोरणीच्या आहेत. तशी एखादी हाती लागली तर बेरजेऐवजी वजाबाकी लागते.

पण या सगळ्याच्या आधी सुई. एलपीची सुई लाखेच्या तबकडीत तळाशी घासत जाते आणि मग कोणतेही यंत्र लावले तरी खरखरच मिळते. आपल्या व्हीएम-९५-ईच्या कार्ट्रिजवर त्याच मालिकेतली एसपी ही ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गोल सुई बसते. तिला ५ ग्रॅमच्या आसपास भार द्यावा लागतो, आणि एसपीचे संपूर्ण कार्ट्रिज २.७ मिलिव्होल्टचे असल्याने ती सुई लावल्यावर गेन पुन्हा तपासावा लागेल. वेग हीदेखील फोनो स्टेजच्या कक्षेबाहेरची गोष्ट आहे : जुन्या तबकड्या ७८ वरच कोरलेल्या असतील असे नाही, आणि वेगात सहा टक्के फरक पडला की काळी एकची पट्टी पांढरी दोनवर जाते. टर्नटेबलची वेग बदलणारी पट्टी ७८ लाही चालते का, ते पाहून घ्यावे.

तडा गेलेली किंवा वाकलेली तबकडी ४५ वर वाजवून, मुद्रित करून नंतर संगणकावर ७८ ला नेता येते. परंतु वाजवतानाच इक्वलायझेशन लावले असेल तर वेग वाढवल्यावर ५०० हर्ट्झचे वळण सुमारे ८७० ला सरकते आणि सारा तोल बिघडतो. या कामासाठी सपाट मुद्रण करावे, आधी वेग सुधारावा आणि मग कर्व्ह लावावा. फोनो स्टेजमध्ये इक्वलायझेशन पूर्ण बंद करण्याची सोय असणे म्हणूनच मोलाचे आहे, आणि नेमकी हीच सोय जाहिरातीत कोणी ठळक छापत नाही.

माझा सल्ला असा की आपण दुसऱ्या प्रकारचे यंत्र घ्यावे, मात्र डीएल-१०३ ला निवडीचा निकष करू नये. त्याच्यासाठी ६० डेसिबलच्या पुढे शांत राहणारे यंत्र मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास संकेताचा व्होल्टेज वाढवणारा एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर फोनो स्टेजच्या आधी जोडला की मूव्हिंग मॅग्नेटच्याच प्रवेशावर ते चालेल. परदेशातून मागवणार असाल तर अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे ना, सीमाशुल्क किती पडेल आणि दुरुस्तीसाठी यंत्र पुन्हा समुद्रापार पाठवावे लागेल का, याची चौकशी पैसे भरण्यापूर्वी करावी.

प्रश्न : माझ्याकडे चांगली अ‍ॅनालॉग फोनो स्टेज आहे आणि केवळ एलपी आहेत. डिजिटल घेतल्यास आवाजाच्या लहरीचे तुकडे होऊन एलपी ऐकण्याचा अर्थच उरणार नाही, असे मित्र म्हणतात. हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुकडे होत नाहीत. नमुना घेण्याच्या वारंवारितेच्या निम्म्यापर्यंतचे सर्व स्वर परत सलग लहर म्हणूनच मिळतात; ९६ किलोहर्ट्झला ही मर्यादा ४८ किलोहर्ट्झ येते. शिवाय सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तबकडी कोरण्याच्या यंत्रापुढे डिजिटल विलंबक वापरले जाऊ लागले आणि ऐंशीच्या दशकात अनेक ध्वनिमुद्रणेच डिजिटल झाली, म्हणजे आपल्या मित्रांच्या आवडत्या एलपींपैकी काहींनी हा उंबरठा आधीच ओलांडलेला असण्याची शक्यता आहे. तरीही आपण डिजिटल फोनो स्टेज घेऊ नये असेच सांगेन, कारण केवळ स्टिरिओ एलपींना एकच कर्व्ह लागतो आणि तो आपल्या यंत्रात आहे. मुद्रण करायचे असल्यास त्याच यंत्राच्या पुढे २४ बिटचा एक साधा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारे उपकरण) जोडावा. कार्ट्रिजची तार मात्र इंटरफेसच्या माइकच्या छिद्रात थेट घालू नये. तेथे ४७ किलोओहम नसून दोन-तीन किलोओहमच असतात आणि मूव्हिंग मॅग्नेटचे वरचे स्वर जागीच मरतात.

प्रश्न : फोनो स्टेजमधली चटचट काढण्याची सोय किती भरवशाची असते? तिने तबल्याचे बोल खाल्ल्यासारखे वाटते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले कान बरोबर सांगत आहेत. ओरखडा म्हणजे अगदी क्षणभराचा तीव्र उंचवटा, आणि चाटीवरचा ‘ना’ सुद्धा सुरुवातीला तसाच दिसतो. वाजता वाजता निर्णय घेणाऱ्या यंत्राला थोड्याशा विलंबात ठरवायचे असते, त्यामुळे जोर वाढवला की ते दोन्हींना एकाच मापाने मोजते. सोय सर्वांत कमी पातळीवर ठेवावी आणि शक्य असल्यास काढून टाकलेला भागच ऐकवणारी सोय वापरावी; स्वीटव्हिनिलच्या शुगरक्यूब या चटचट काढणाऱ्या यंत्रात ती आहे, आणि काढलेल्यात ठेका ओळखू येऊ लागला की एक पायरी मागे यावे. संकेत सपाट असताना ओरखडे अधिक उठून दिसतात, म्हणून चटचट काढणे हे इक्वलायझेशनच्या आधी करणाऱ्या यंत्राचा निर्णय अधिक नेमका असतो. जतनासाठीची मूळ नोंद मात्र ही सोय बंद ठेवूनच करावी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला सुमारे दोन गिगाबाइट लागतात, फ्लॅक या, दर्जा न गमावता आकार घटवणाऱ्या फाइल-प्रकारात पुष्कळ कमी. आजच्या हार्ड डिस्कपुढे हे काहीच नाही. आणि त्याआधी तबकडी धुवावी. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावू नये, लाख त्यात विरघळते.

प्रश्न : लॅपटॉपला यूएसबी जोडताच गुणगुण सुरू होते, टर्नटेबलची अर्थची तार घट्ट आहे. (एक वाचक, पणजी)

उत्तर : लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर अर्थिंग दोन वाटांनी जोडले जात आहे, आणि मुद्रणापुरते लॅपटॉप बॅटरीवर चालवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. कायमचा उपाय हवा असल्यास ऑप्टिकल निर्गम वापरावा, कारण प्रकाशाच्या तारेतून विद्युत जोडणी होतच नाही. लॅपटॉपला तसा प्रवेश नसेल तर तो असलेला इंटरफेस घ्यावा लागेल. चार्जर काढूनही गुणगुण राहिली तर टर्नटेबल आणि फोनो स्टेज एकाच सॉकेट-पट्टीवर घ्यावे आणि फोनो स्टेज अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर ठेवावी. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी देईल. तो मानू नये.